पिठात घेतलेली नावे

एस्तेरबाई खंडारे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्या माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. ऐंशी साली मी पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले होते. स्टेशनापलीकडे एक खोली मिळाली होती. चर्च कुठे आहे आणि उपासना किती वाजता असते, एवढेच विचारायला मी त्यांच्या घरी गेले. शनिवारची दुपार होती आणि दार उघडे होते. आत एक सडपातळ, पासष्टीच्या बाई पितळी परातीत कणीक मळत बसल्या होत्या आणि एकापाठोपाठ एक नावे घेत होत्या. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिले आणि मान पुन्हा खाली घातली. मी गोंधळून उभी राहिले, तेव्हा खाटेवर बसलेले त्यांचे यजमान शमुवेलजी म्हणाले, “थांबा मास्तरीणबाई. ते मंडळी मळून राहिली. झाली का बोलते.”

शमुवेलजी रेल्वेतून पॉइंट्समन म्हणून निवृत्त झाले होते. सांधे बदलत गाडीची वाट पाहण्यात जन्म गेलेला, थांबण्याची त्यांना सवय होती. त्यांनी मला स्टूल दिले आणि आम्ही दोघे गप्प बसून ती नावे ऐकू लागलो.

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते, येशूच्या आठवणीने सगळे एकाच भाकरीचा तुकडा खातात. त्यात मोडायची भाकर पूर्वी नागपूरहून गाडीने यायची, म्हणजे पाव यायचा. एका पावसाळ्यात तो भिजून आला आणि ऐन वेळी एस्तेरबाईंनी घरच्या गव्हाची जाड पोळी करून दिली. तेव्हापासून ते काम त्यांच्याकडेच आले. मीठ नाही, तेल नाही. आदल्या दिवशी त्या कणीक मळत आणि मुठीच्या प्रत्येक दाबाला मंडळीतल्या एका माणसाचे नाव घेत. म्हातारी माणसे, तान्ही मुले, बदलून आलेली, सासरी गेलेली, सगळी. फक्त जिवंत माणसांची नावे. जे वारले ते देवाच्या परातीत गेले, असे त्या म्हणत.

संत्र्याच्या बगीच्यातल्या बांधावरून दोन भाऊ तीन वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. चर्चमध्येही एक उजवीकडे बसे, दुसरा डावीकडे. एस्तेरबाई त्या दोघांची नावे एका दमात घेत. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, “दोघाईले एकाच मुठीत घेतो मी. पिठात कुठी बांध हाय?”

दुसऱ्या महिन्यात माझे नाव त्या यादीत आले. परगावात एकटी राहणारी बाई होते मी. माझे नाव कुणाच्या तरी हाताखालच्या पिठात जाते आहे, या गोष्टीने मला किती आधार दिला ते मी त्या वेळी कुणाला सांगितले नाही. तापात पडले तेव्हा त्या रोज सकाळी पेज घेऊन यायच्या आणि वाटी धुऊन परत न्यायच्या. “तुले धुवाले लागू नये म्हनून नाही,” त्या म्हणायच्या, “माही वाटी तुह्या घरी राहून जाते म्हनून.”

अक्षर बरे म्हणून वर्षभरातच मला मंडळीच्या पंचांची चिटणीस केले. ठरावाची वही माझ्याकडे आली. पुढे जे सांगायचे आहे ते त्या वहीबद्दलच आहे. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात ते शोभेल की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण ते वगळून एस्तेरबाईंविषयी लिहिणे मला जमत नाही.

त्यांची मुलगी सरोज हिने मोहगावच्या एका बौद्ध घरातल्या मुलाशी लग्न केले. मुलगा पोस्टात होता, स्वभावाने चांगला. लग्न तिकडच्या पद्धतीने झाले आणि एस्तेरबाई व शमुवेलजी दोघेही गेले. तिथे वंदनेच्या वेळी विहीणबाईंनी एस्तेरबाईंच्या हातात मेणबत्ती दिली आणि त्यांनी ती बुद्धमूर्तीपुढे लावली. ही बातमी त्यांच्याआधी पांढुर्ण्याला पोचली.

मंडळीच्या लेखी ही मूर्तिपूजा होती. पंचांची बैठक झाली. थोरल्या पंचांनी विचारले, “मेणबत्ती लावली का नाही, तेवढं सांगा.”

“लावली.”

“काहून?”

“विहीणबाईनं हातात देल्ली. पेटलेलीच व्हती. मंग काय फुकून टाकू? पोरीच्या लग्नात?”

एकजण हसला आणि लगेच गप्प झाला. चर्चच्या पाळकांनी विचारले, “चूक झाली म्हणता का?” एस्तेरबाई म्हणाल्या, “देवापाशी म्हनायचं असंल तं मी म्हनीन. पोरीच्या सासूले चूक म्हनत नाही मी.”

सहा महिने त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवावे, असे ठरले. चिटणिसाला मत देता येत नव्हते. मी सगळे कागदावर टिपून घेत होते. उठताना एस्तेरबाईंनी एकच विचारले, “मंग भाकर कोन करन?” दुसरे कुणी करणारे नव्हते. पुढच्या शनिवारी नेहमीप्रमाणे त्या परात घेऊन बसल्या. ज्यांनी हात वर केले होते, त्यांची नावे त्यांनी पिठात घेतली. रविवारी ती भाकर सगळ्यांनी खाल्ली आणि त्या शेवटच्या रांगेत सतरंजीवर बसून राहिल्या.

मला ते पाहवले नाही. त्याच सुमारास माझी सौंसरला बदली झाली. गडबडीत मी ठराव वहीत उतरवला, वही दुसऱ्याकडे सोपवली आणि निघाले. जाताना पाळकांना मी तोंडावर सांगितले की जी मंडळी एका आईला पोरीच्या लग्नाला जाऊ देत नाही, तिच्यात मला बसायचे नाही. ते बोलून मला बरे वाटले होते, हे आज कबूल करते.

सौंसरला मी रविवारी वह्या तपासायची, केस धुवायची. कुणी विचारले तर ही गोष्ट सांगायची. माझ्या सांगण्यात मंडळी दरवेळी थोडी अधिक निष्ठुर व्हायची आणि मी थोडी अधिक न्यायी. अशी चार वर्षे गेली. पांढुर्णा बसने जवळ आहे. मी एकदाही गेले नाही. एस्तेरबाईंना पत्रही लिहिले नाही. त्यांच्यासाठी चर्च सोडले, हेच मोठे काम केले असे मला वाटत होते.

मग एकदा सौंसरच्या बाजारात सरोज भेटली. तिने सांगितले की बाबा गेले. मी तिला बाजूला घेऊन बसले.

“शेवटी पाळक घरी आले व्हते भाकर घेऊन,” ती म्हणाली. “आईनंच केलेली. बाबांच्या हातात तुकडा देल्ला. बाबा खायेच ना. आईकडे पाहून राहिले. मंग आईनं त्यायचा हात धरून तुकडा त्यायच्या तोंडात घातला. तिले नाही भेटला.”

“म्हणजे? तिला अजून...?”

“आजूनही नाही.”

“पण सहा महिनेच होते ना!”

“ते तं कवाचेच झाले, बाई. नवे पाळक म्हनते, वहीत मुदतच नाही. बाबा पाळकापाशी बोलाले जाऊन राहिले व्हते, तं आईनं जाऊ नाही देल्लं.”

बाजार चालू होता. मला मात्र फक्त वही दिसत होती.

पुढच्या शनिवारी मी पांढुर्ण्याला उतरले आणि आधी पाळकांकडे गेले. जुने पाळक बदलून गेले होते, थोरले पंच वारले होते. नव्या पाळकांनी वही काढून दिली. अक्षर माझे होते, ठळक आणि वळणदार. ‘प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात यावे’ असे लिहून मी पूर्णविराम दिला होता. सहा महिने हे शब्द लिहायचे राहिले होते.

“मी वही पाहूनच चालतो,” पाळक म्हणाले. “आणि लोकही कधी काही बोलले नाहीत.” ते खोटे नव्हते. लोकांना वाटले की पाळकांनी मुदत वाढवली असेल. पाळकांना वाटले की लोकांना तसेच हवे असेल. चार वर्षांत कुणीही मुद्दाम काही केले नव्हते. मंडळीच्या ज्या कठोरपणावर रागावून मी निघून गेले होते, त्यातले पहिले सहा महिने पंचांचे होते. उरलेली सगळी वर्षे माझी होती.

तिथून मी त्यांच्या घरी गेले. दार उघडे होते. खाट रिकामी होती. एस्तेरबाई परातीवर वाकलेल्या होत्या आणि नावे चालू होती. मळताना त्यांच्याशी बोलायचे नसते म्हणून मी उंबऱ्याबाहेर थांबले. त्या दोन भावांची नावे आली, एका दमात. मग शाळेजवळच्या घरातली तीन मुले. आणि त्यांच्यानंतर, पूर्वी जिथे यायचे तिथेच, माझे नाव आले. चार वर्षे मी त्या चर्चची पायरी चढले नव्हते.

कणीक झाकून त्यांनी हात धुतले. “ये. कवाची उभी हायेस?”

“मावशी, सहा महिनेच होते.”

“मले मालूम हाय.”

“मग सांगितलं का नाही कुणाला?”

“ज्यानं उठवलं त्यानंच बोलवावं ना. जेवाले आपल्या मनानं कोन बसते?”

“वहीत मी लिहायची विसरले. माझ्यामुळे झालं हे सगळं.”

काही नाही झाले, असे त्या म्हणाल्या नाहीत. आजही मला त्याचे बरे वाटते. त्यांनी पदराने हात पुसले, पुन्हा पुसले. “हे गेले त्या दिशी लय दुखलं,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या दिशी पीठ मळाचं व्हतं.”

मी म्हणाले, “मी तर तुमच्यासाठीच सोडलं होतं. मंडळी तुमच्याशी अशी वागली म्हणून.”

“व्हय, आलं माह्या कानावर,” त्या म्हणाल्या. “मंडळी अशी, मंडळी तशी. अन् तू कोन व्हय वं? तू मंडळी नोहोस?”

दुसऱ्या दिवशी पाळकांनी त्यांना समोर बोलावले. पण बोलावताना ते म्हणाले की मंडळी आपल्या भगिनीला क्षमा करीत आहे. लोकांनी माना डोलावल्या. मी खरे काय ते सांगायला उठले, तर मागून एस्तेरबाईंनी माझा पदर ओढला. “बस खाली. लोकं तुलेच बोलतीन. आज नको.” मी बसले. पुढे जाऊन त्यांनी तुकडा घेतला आणि तो हातात धरून क्षणभर शमुवेलजींच्या जागेकडे पाहिले. मग खाल्ला.

त्या दिवशी मी बसले ती तशीच बसून राहिले; पुढेही कधी खरे सांगायला उठले नाही. आजही पांढुर्ण्यातले पुष्कळ लोक समजतात की एस्तेरबाईंना क्षमा मिळाली. म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात लिहिते आहे: त्यांना कुणी क्षमा केली नाही. त्यांची मुदत संपून साडेतीन वर्षे होऊन गेली होती. चूक चिटणिसाची होती आणि ती चिटणीस मी होते.

हे सगळे घडल्याने मंडळी सुधारली असे नाही. कुरबुरी आहेत, छप्पर गळते, तरुण मुले नागपूर-भोपाळला गेली ती गेली. सरोज पुन्हा कधी चर्चमध्ये आली नाही, आणि तिला ये म्हणायला माझी जीभ उचलत नाही. काही गोष्टी मोडल्या त्या मोडल्याच. पण मी आता दर पहिल्या रविवारी सौंसरहून येते. मंडळी निर्दोष असती तर तिच्यात मला जागा नसती, हे समजायला मला चार वर्षे लागली, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणी मोजली. तरीही ज्यांनी मोजली त्यांनी माझे नाव गाळले नाही. मंडळीवर प्रेम का करावे, असे कुणी विचारले तर माझ्याजवळ एवढेच उत्तर आहे.

एस्तेरबाईंना आता नीट दिसत नाही. हा लेख मी त्यांना वाचून दाखवला. मधे दोनदा त्या पेंगल्या. शेवटी म्हणाल्या, “लिवलं चांगलं. पन हे पुस्तक कोन वाचते? वहीत लिव.” पाळकांच्या परवानगीने मी ती जुनी वही काढली आणि त्या ठरावाखाली राहिलेले दोन शब्द लिहिले. खाली सही केली. शाई वेगळी दिसते. तसेच दिसू दे.

वर्षभरापासून त्यांची मनगटे साथ देत नाहीत, म्हणून आदल्या शनिवारीच येऊन परातीवर मी बसते आणि त्या खाटेवर बसून नावे सांगतात. पूर्वी पीठ मळून व्हायचे तरी नावे उरायची. आता नावे आधी संपतात आणि पीठ कच्चेच असते. मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. त्या स्वतःचे नाव कधीच सांगत नाहीत. मळणाऱ्याचे नाव घ्यायची रीत नव्हती. पण आता मळणारी मी आहे, म्हणून पहिल्या मुठीला मी त्यांचे नाव घेते. “आजून हाये मी, माहीत हाय मले,” त्या चिडून म्हणतात.

या परातीत फक्त जिवंत माणसांची नावे घेतात. एस्तेरबाई, तुमच्या डोळ्यांना थोडा उजेड राहो, मनगटांचे दुखणे उतरो, आणि तुमचे नाव पहिल्या मुठीला घ्यायचे भाग्य मला अजून पुष्कळ वर्षे लाभो.