मामा आला, असं मी गायले

"आजी, थांबा! मामा आलाच नाही," नवरीची आई माझ्या कानाशी पुटपुटली. तोवर मी माईकवरून मामाला मांडवात आणून उभा केला होता.

मी धवलारीण. म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. शाळा चौथीपर्यंत, गाणी आईकडून. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात एकेक काम गाण्याबरोबर होतं. गाण्यात हळद आली की बायका हळद लावतात. गाण्यात मामा आला की खरा मामा उठतो आणि भाचीचा हात धरून तिला मांडवात आणतो. इतकी वर्षं झाली, गाताना मी डोळे मिटते. चूक तिथेच झाली.

लग्न मांजर्लीत, सकाळचं. मामा हेंद्रेपाड्यात राहतो, रिक्षाने दहा मिनिटं. पत्रिकेत त्याचं नाव नगरसेवकाच्या खाली छापलं म्हणून तो रुसला होता. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. नवरी दारात उभी आणि हात धरायला कोणी नाही.

"काकाला धरू दे हात," कोणीतरी म्हणालं.

"मामाच पाहिजे. नाहीतर मी इथेच बसते," नवरी म्हणाली आणि खरंच उंबऱ्यावर बसली.

शूटिंगवाला धावत आला. "आजी, ते कडवं कट करू?"

"कट काय करतोस? लाईव्ह चाललंय ना तुझं?"

लाईव्ह म्हणजे लग्न घरबसल्या मोबाईलवर दिसतं. सगळ्या नातेवाइकांना लिंक गेली होती.

गाणं सोडलं तर पुढचं काम होत नाही. मी तेच कडवं पुन्हा धरलं. मामा आला, डोक्याला गुलाबी फेटा बांधून आला. सात-आठ वेळा फिरवलं. घसा बसला. मागच्या बायका तोंड दाबून हसायला लागल्या.

तेवढ्यात रिक्षा थांबली. मामा उतरला. डोक्याला गुलाबी फेटा.

"ए म्हातारे, मी घरात चहा पितोय आणि तू जगाला सांगतेस मी आलो?"

"मग खोटं पाडायचं होतंस मला. दहा मिनिटांत फेटा कुठून आणलास?"

"आणून ठेवला होता," तो खाली बघत म्हणाला आणि उंबऱ्याकडे गेला. भाचीला म्हणाला, "ऊठ."

लग्न अर्धा तास उशिरा लागलं. जेवताना शूटिंगवाल्याने विचारलं, "आजी, लोक वागतात तसं तुम्ही गाता, की तुम्ही गाता तसं लोक वागतात?"

"मामाला विचार," मी म्हटलं.

हे गावभर झालं. पुढच्या महिन्यात उल्हासनगर कॅम्प चारमधली एक बाई आली. मुलीचं लग्न होतं आणि बाईचा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, दोन वर्षं तिच्याशी बोलत नव्हता. "तुम्ही गायलात की माणूस येतो म्हणे." मी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. भावाला लिंक पाठवली. मी दहा वेळा गायले. तो आला नाही. शेवटी मुलीला तिच्या आईनेच हात धरून आणलं.

त्या भावाने फेटा आणून ठेवलेला नसणार. हल्ली मामाचं कडवं धरायच्या आधी मी डोळे उघडून बघते.