निकेलची जाळी आणि गंजलेली कढई

मुलांनो, मागच्या वर्षी आपल्या कर्जतच्या घरी वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहत होती. खोपोलीजवळच्या कॉलेजात पीएच.डी. करायची. पाण्यात वीज सोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायचे, हा तिचा विषय. कमी विजेत जास्त बुडबुडे यावेत म्हणून ती निकेलच्या बारीक जाळीवर निरनिराळे थर चढवी.

गंमत अशी, की कॉलेजात केलेल्या जाळ्या सुस्त निघत आणि सुट्टीत घरी, माझ्या स्वयंपाकघरात भिजवलेल्या चपळ. का, ते कळेना. परीक्षक महिन्याभरात येणार होते. कारण सांगता आलं नाही तर तिचं वर्ष वाया जाणार होतं.

तिने माझं मीठ तपासलं, नळाचं पाणी तपासलं. शेवटी सापडली माझी लोखंडी कढई. जाळ्या ती तिच्यातच भिजवत असे. कढईचं लोखंड पाण्यात उतरून निकेलवर बसत होतं आणि त्यानेच बुडबुडे वाढत होते.

"आजी, आता ही घासायची नाही. चांगली गंजू दे."

माझ्या घरात चमचेसुद्धा उंचीप्रमाणे लावलेले असतात. तरी मी कढईत मीठपाणी शिंपडून ठेवलं. भांडी घासायला येणाऱ्या बाईने ती तीनदा लख्ख करून ठेवली.

"अगं, पोरीच्या परीक्षेसाठी आहे ती."

"परीक्षा तिची, काकू, पन नाव माजं जातंय. गंजवायची तर कुलपात गंजवा."

मग कढई ओल्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. सकाळ-संध्याकाळ चष्मा लावून मी गंज किती चढला ते पाहत असे.

परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुसऱ्या कढईने करून दाखवा. तरच सही."

मी बाईकडे तिची कढई मागितली.

"माज्या कढईला गंज नाय," ती म्हणाली. "कदीच नव्हता."

तिसऱ्या दिवशी तिने पिशवीतून एक लालभडक कढई काढून ओट्यावर आपटली.

"जावेची हाय. तिची बाराही महिने अशीच असते."

बुडबुडे भरपूर आले, सही झाली. आपल्या जावेचं नाव प्रबंधात छापून यावं, असा बाईचा फार आग्रह होता. मुलीने नुसतं 'कढई क्रमांक दोन' लिहिलं, म्हणून ती अजून नाराज आहे.