आबांची पित्ताची पिशवी

माझे सासरे, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि कडेगावच्या उसात रमले. पोटात दुखलं की त्यांचं निदान ठरलेलं: "पित्त झालंय." मग चिमूटभर खायचा सोडा पाण्यातून घ्यायचा, ढेकर द्यायचा आणि शेताला निघायचं.

गेल्या वर्षी पाहुण्यांकडे जावळाचं मटण जेवून आले आणि तासाभरात ओसरीवर वाकून बसले. उजव्या बरगडीखाली हात दाबून धरलेला, कपाळावर घाम. कळ पार पाठीत, खांद्यापर्यंत जात होती. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सोनोग्राफी करून घ्या म्हणाले. संध्याकाळपर्यंत दुखणं थांबलं, तशी सोनोग्राफीही राहिली.

तीन आठवड्यांनी त्यांचे डोळे पिवळे झाले. अंगाला खाज सुटली. दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे. शेजारीपाजारी म्हणाले, कावीळ हाय, मेढ्याकडं एक जण पाला देतो, तीन दिवसांत उतरते. आबा लगेच तयार झाले.

मी तयार नव्हते. माझ्या थोरल्या मामांना अशीच कावीळ झाली होती. दोन महिने पाला घेतला आणि दवाखान्यात नेलं तेव्हा गाठ निघाली, हाताबाहेर गेलेली. हे मी आबांना सांगितलं नाही. नवरा फौजेत, लांब. त्यांना फोनवर सांगूनही काय होणार होतं?

"आबा, पाला नको. सांगलीला जाऊ," मी म्हणाले.

"आगं, काविळीला डाक्टर काय करतोय? पालाच लागतो."

"मी गाडी बोलावलीय. तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाऊन बसेन दवाखान्यात."

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत त्यांच्यापुढे असं कधी बोलले नव्हते. आबा आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

सांगलीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पोट दाबून बघितलं, लघवीचा रंग विचारला आणि मग म्हणाल्या, "शौचाचा रंग कसा आहे?"

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग पंख्याकडे. मी उठायला लागले.

"बस," ते म्हणाले. मान खाली घालून हळूच सांगितलं, "पांढरी हाय. शाडूवानी. आठ दिस झालं."

आठ दिवस हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाईंनी कागदावर चित्र काढलं. यकृत पित्त तयार करतं. ते त्याच्याखालच्या छोट्या पिशवीत, पित्ताशयात साठतं, घट्ट होतं. तेलातुपाचं खाल्लं की पिशवी आवळते आणि पित्त नळीतून आतड्यात उतरतं, तेलकट पचवायला. शौचाला रंगही त्याचाच. "तुमच्या पित्ताची वाट खाली कुठंतरी अडलीय. पित्त रक्तात चाललंय, म्हणून पिवळेपणा आणि खाज. कशानं अडलीय ते बघू."

'कशानं' या शब्दावर मला मामांची गाठच आठवली. सोनोग्राफी झाली, मोठ्या मशीनचा स्कॅन झाला. दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला आत बोलावलं.

"खडा आहे," त्या म्हणाल्या. "पिशवीत बरेच आहेत, त्यातला एक सटकून नळीत अडकलाय. गाठ वगैरे काही दिसत नाही."

बाहेर येऊन मी बाकड्यावर बसले आणि रडायलाच लागले.

"आगं, खडाच हाय म्हणत्यात की. रडती कशाला?"

मग मी त्यांना मामांचं सांगितलं. आबा माझ्याशेजारी बाकड्यावर टेकले.

"मलाबी त्येचंच भ्या व्हतं," ते म्हणाले. "म्हणून तर पाला म्हनत हुतो. दवाखान्यात आलं की नाव कळतंय."

इतके दिवस एका घरात आम्ही दोघं तीच भीती वेगवेगळी घेऊन बसलो होतो. मला हसूही आलं.

तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढला. चार दिवसांत डोळे निवळले, खाज थांबली. पुढच्या आठवड्यात पोटाला बारीक भोकं पाडून पिशवीच काढायची ठरली. आबांना एकच शंका होती: "पिशवी न्हाई तर जेवान पचायचं कसं?"

"पित्त लिव्हर करतं, पिशवी नाही," बाई म्हणाल्या. "आता ते साठणार नाही, थोडं थोडं थेट आतड्यात उतरत राहील. सुरुवातीला तेलकट कमी खा, बेतानं खा."

ऑपरेशननंतर नर्सनं बाटली दाखवली. हरभऱ्याएवढे तपकिरी खडे. आबांनी बाटली उजेडात धरून हलवली. "ह्यास्नी मी सोडा पाजत हुतो व्हय!"

पिशवी तपासायला पाठवली होती. तो रिपोर्ट यायचा होता, तोवर मी नवऱ्याशी फोनवर जपूनच बोलत होते. टाके दाखवायला गेलो त्या सकाळी रिपोर्ट आला. निर्मळ, गाठीचं नावही नाही. दवाखान्याच्या पायरीवरूनच मी फोन लावला. आबांनी तो माझ्या हातातून घेतला.

"हॅलो. आरं, समदं बरं हाय. तुझ्या बायकोनं मला धरून आणलं सांगलीला." थोडं थांबून म्हणाले, "लय बरं केलं तिनं."

मी त्यांच्याकडे पाठ करून गाडी शोधत असल्यासारखं रस्त्याकडे बघत उभी राहिले.