मृणालिनीताईंचं पोलकं

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमध्ये, तळमजल्यावरच्या एका खोलीत गिरिजा शिगवण जुन्या धर्तीची पोलकी शिवतात. वय एकसष्ट. गाव रत्नागिरीकडचं. गिरगावात नाटकांचे कपडे शिवणाऱ्या एका दुकानात त्यांची बावीस वर्षं गेली. दुकान बंद झालं, पण हात तयार होता. बंद गळा, पुढे बटणं, फुगीर बाही, बाहीच्या टोकाला लेस अशी शंभर वर्षांपूर्वीची पोलकी आता मुली लग्नात हौसेने घालतात.

त्यांचा नियम एकच. फोटोत असेल तेच शिवायचं. लेस त्या नया नगरमधल्या एका दुकानातून आणतात. दुकानदार दर वेळी म्हणतो, "वही पुरानी लेस? कुछ नया भी देखो, गिरिजाबाई." त्या बघत नाहीत.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मृणालिनी राजाध्यक्ष त्यांच्याकडे आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. सोबत आईचा फोटो होता, १९४४ सालचा, स्टुडिओत काढलेला. मुलीचं, मिनलचं लग्न मे महिन्यात होतं.

"माझ्या लग्नाआधीच आई गेली," त्या म्हणाल्या. "निदान मिनलच्या लग्नाच्या फोटोत तिच्यासारखं पोलकं घालून उभी राहते."

मापासाठी त्यांनी स्वतःचा एक जुना ब्लाउज दिला. बहुतेक बायका तसाच देतात. टेपने माप घेऊ द्यायला त्या तयार नव्हत्या. जाता जाता म्हणाल्या, "पुढे छातीवर झालर लावाल का? दोन पदरी?"

"फोटोत नाहीये, ताई."

"असली तर काय बिघडतं?"

"झालर लावली की ते नाटकातलं होतं. तुमच्या आईचं राहत नाही."

मृणालिनीताईंनी फोटो टेबलावर ठेवला. मग "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. पोलकं तयार झाल्यावर घालून बघायलाही थांबल्या नाहीत.

लग्न भाईंदरच्या एका हॉलमध्ये झालं. आमंत्रण होतं, म्हणून गिरिजाबाई गेल्या. मृणालिनीताई नऊवारीत होत्या, अंगावर पोलकंही होतं, पण वरून जाड शेला गुंडाळलेला. मे महिना, हॉलमध्ये बसवत नव्हतं. पंधरा दिवस खपून शिवलेल्या पोलक्याचा एक इंचही दिसत नव्हता.

गिरिजाबाईंना राहवलं नाही. "ताई, शेला काढा की. माझं काम दिसू दे लोकांना."

शेजारी बसलेली मृणालिनीताईंची नणंद हसली. "काढ गं, वहिनी. लाजतेस काय नव्या नवरीसारखी?" म्हणत तिने शेल्याचं टोक ओढलं. मृणालिनीताईंनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि उठून खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा अंगात दुसराच ब्लाउज होता, सैल, दुकानातून आणलेला. घरच्यांचे फोटो त्यातच निघाले.

गिरिजाबाई जेवल्या नाहीत. पुढे कित्येक दिवस त्या येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगत राहिल्या, "लोकांना जुन्याचं नुसतं बोलायला हवं असतं. घालायची वेळ आली की लाज वाटते."

या फेब्रुवारीत मिनल आली. आई डिसेंबरात गेल्याचं तिने दारातच सांगितलं. पिशवीतून पोलकं काढलं. "माझ्या अंगाला बसेल असं करून द्या, काकू. एवढं सुंदर आहे, पडून राहायला नको."

गिरिजाबाईंनी शिवणी बघायला पोलकं उलटं केलं. आत छातीशी, डाव्या बाजूला जुन्या मऊ साडीची एक पिशवी शिवलेली होती. तिच्यात कापूस भरलेला. टाके वेडेवाकडे, शिवायची सवय नसलेल्या हाताचे.

"हे कोणी केलं?"

"आईनेच. माझ्या लग्नाआधी, जानेवारीत तिचं ऑपरेशन झालं होतं. डावीकडचं काढावं लागलं. माझ्या सासरी कळू नये म्हणून तिने कोणाला सांगितलंच नाही. आत्यालासुद्धा नाही. ते काढून टाका."

गिरिजाबाई पिशवीवरून बोट फिरवत राहिल्या. मग विचारलं, "हे घातलेला त्यांचा फोटो आहे का एखादा?"

मिनलने मोबाइलमध्ये बरंच शोधलं. एकच निघाला. हॉलवर जायच्या आधी घरी काढलेला, पाठमोरा. मृणालिनीताई कपाटाच्या आरशासमोर उभ्या होत्या, पण कॅमेऱ्याचा प्रकाश आरशावर पडून समोरचं काही दिसत नव्हतं. गिरिजाबाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. पाठीची शिवण डावीकडे ओढली गेली होती. आत काहीतरी घातलंय, हे शिवणाऱ्या बाईला लगेच कळावं इतकी.

"छान दिसतेय ना आई?" मिनलने विचारलं.

"बाह्या चांगल्या बसल्यात," गिरिजाबाई म्हणाल्या. 

त्यांनी मोबाइल परत दिला, चष्मा लावला आणि ब्लेड घेतलं. एवढीशी पिशवी, पण उसवायला अर्धा तास लागला. सुटू नये म्हणून मृणालिनीताईंनी प्रत्येक टाक्याला गाठ मारली होती.