ड्रेसरकाकांचा रिपोर्ट

भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात अठ्ठावीस वर्षं जखमांच्या पट्ट्या बदलणाऱ्या त्या माणसाला सगळे ड्रेसरकाकाच म्हणत. चिकटलेली पट्टी ते आधी नीट भिजवत, गप्पांत गुंतवत आणि अलगद सोडवत. "काकांना येऊ द्या, मगच हात लावा," असं रुग्ण नर्सना बजावत.

त्या महिन्यात तिघांच्या भरत आलेल्या जखमा चिघळल्या. भारीतली इंजेक्शनंही लागू पडेनात. तिसरी एक शिक्षिका होती. सोमवारी घरी जायची होती, रविवारीच गेली.

मग लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या कर्मचाऱ्यांच्या नाकात कापसाची काडी फिरवली. "शेंबडाशिवाय काय सापडणार?" काका हसले होते.

चौथ्या दिवशी त्यांना बोलावणं आलं.

"काका, बसा. त्या तिघांच्या जखमांत सापडला तोच जंतू तुमच्या नाकात आहे. तुम्हाला त्रास नाही. नुसता मुक्काम ठोकून बसलाय."

"म्हणजे त्या तिघांना मी...?"

"तुमच्याकडून त्यांना गेला की त्यांच्याकडून तुम्हाला आला, सांगता येत नाही. नाकात हे मलम लावा. दहा दिवस वॉर्डात यायचं नाही."

घरी बायको पाय स्टुलावर ठेवून वाटच पाहत होती. तिला मधुमेह, तळव्याची जखम तीन महिने भरत नव्हती. रोज कामावरून आल्यावर काकाच पट्टी करत.

"अहो, उंबऱ्यात काय उभे? या ना."

"आज सून करील."

"का? जगाच्या जखमा धुतल्यात, नि बायकोचीच किळस आली?"

काकांनी सगळं सांगितलं. मग तिने पाय हळूच साडीखाली ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिच्या जखमेचा नमुना लॅबला गेला. जंतू तोच निघाला. तिला रुग्णालयात वेगळ्या खोलीत ठेवलं. दोन बोटं काढावी लागली, पाऊल मात्र वाचलं. काका काचेबाहेर बसून राहत. ती आतून खुणेने विचारायची, जेवलात का?

काकांचे पुढचे तीन रिपोर्ट स्वच्छ आले. कामावर परत बोलावलं, तेव्हा त्यांनी कपडे-सामानाच्या कोठारात बदली मागून घेतली. तरी दर सोमवारी ते लॅबच्या दारात हजर.

"काका, आता काही नाही हो," तिथली मुलगी वैतागून म्हणाली.

"तेव्हा तरी कुठे काही जाणवत होतं?" म्हणत त्यांनी काडीसाठी मान मागे टाकली.