चुन्याची निवळी

कोपरापर्यंत साबण, मग नखं घासायची, मग पुन्हा साबण. जुन्नरात शेतीपंपाच्या जळलेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करणारे आमचे चाचा घरातल्या काचेच्या टाकीत हात घालण्याआधी असे हात धुवायचे की बघणाऱ्याला वाटावं, आता ऑपरेशनच करणार. "दिवसभर तांब्याच्या तारेत असतो, राव. कण जरी गेला तरी पोवळी मेली समजा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

टाकी खाऱ्या पाण्याची आणि आत जिवंत पोवळी. तुम्ही म्हणाल, सह्याद्रीच्या कुशीत समुद्र कशाला? मीही तेच म्हणालो होतो आणि वर फिदीफिदी हसलो होतो. पण चाची लकव्यानं अंथरुणाला खिळल्या होत्या, वाचा गेली होती. जवानीत जहाजावर वायरमन असलेल्या चाचांनी खाटेवरून दिसेल अशी ही टाकी मांडली. सकाळी पोवळी फुललेली दिसली, की चाची नवऱ्याच्या हातून चार घास खायच्या. नाही तर तोंड उघडायच्या नाहीत.

पोवळ्यांना वाढायला पाण्यात कॅल्शियम लागतं. चाचा दर जुम्म्याला शिशीत टाकीतलं पाणी घ्यायचे आणि गुलाबीचं निळं होईपर्यंत औषधाचे थेंब मोजून कॅल्शियमचा आकडा काढायचे. "चारशेवीस! हिच्यापेक्षा पोवळ्यांची तब्येत बरी हाय." आकडा उतरू नये म्हणून चुन्याची वरची स्वच्छ निवळी, दवाखान्यातून आणलेल्या सलाइनच्या नळीनं, थेंबाथेंबानं टाकीत सोडायचे.

एकदा मुंबईहून येणारा शुद्ध चुना आलाच नाही. आकडा साडेतीनशेवर आला, पोवळी आखडली, चाचा कावरेबावरे झाले. मी येडगावचा द्राक्षबागायतदार, माझ्याकडे चुना पोत्यानं.

"हात्तिच्या! उद्या आणतो की."

"साफ हाय ना पन?"

"लई साफ, चाचा. तुमी काळजीच सोडा."

आता ऐका माझा शहाणपणा. बागेवर फवारायला आम्ही मोरचूद आणि चुना कालवतो, आणि दोन्ही काढायला डबडं एकच. मोरचूद म्हणजे तांबंच की! शाळेत शिकलो होतो, शिवाय चाचांचं ते वाक्य शंभरदा ऐकलेलं. तरी त्याच डबड्यात चुना भरून मी ऐटीत नेऊन दिला. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

आधी काचेवरच्या गोगलगाई गळून पडल्या. तिसऱ्या दिवशी गेलो तर घरात कुजका वास, आणि पोवळी हाडासारखी पांढरी. चाचांच्या हातात माझं डबडं होतं. काठाखाली निळी रेघ होती. ती त्यांनी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी डबडं धुऊन माझ्या हातात दिलं, खाटेपाशी गेले आणि चाचींना म्हणाले, "माज्याच हातानं झालं गं. न धुता हात घातला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चाचांनी दंडाला धरून मला बाहेर नेलं. "गप ऱ्हा. तू येतो म्हनून ती दाराकडं तरी बघती. तुज्यावर रुसली तर ऱ्हायलं कोन तिला?"

आणि मी गप्प राहिलो. खरं सांगतो, सुटल्यासारखंच वाटलं. थू माझ्या जिनगानीवर!

त्या दिवसापासून चाचींनी नवऱ्याच्या हातचा घास घेतला नाही. चमचा दिसला की ओठ घट्ट मिटायच्या, ते जवळ आले की डोळे. माझ्या हातून मात्र खायच्या. मग तसंच सुरू झालं. चाचा पेज करायचे, वाटी माझ्याकडे द्यायचे आणि उंबऱ्याबाहेर थांबायचे. रोज वाटायचं, आज सांगून टाकू. रोज वाटी रिकामी करून मी येडगावला परत जायचो.

आता चाचाही राहिले नाहीत, म्हणून हे लिहायची छाती झाली.

शेवटच्या सकाळी चाचींच्या ओठांतून पेज तशीच बाहेर ओघळली. मान कलली. चमचा माझ्या हातात होता.

बाहेरून चाचांनी विचारलं, "खाल्लं का रं तिनं?"

मी हो म्हणालो.