बोट लागणारा पाटील

आमच्या कोळीवाड्याला राजा होता, हसू नका. त्याला पाटील म्हणत, एवढंच. कुणाची सोयरीक, कुणाचं भांडण, होड्या कधी लोटायच्या, सगळं त्याच्या शब्दावर. माझा भाऊ बाबाजी तापात गेला आणि पाटीलकी आली त्याच्या पोराकडे, तुळशीरामकडे. पोर पाच वर्षांचं, शेंबूड पुसायची अक्कल न्हाय! आई आधीच गेलेली. वाढवणार कोण? मीच, आत्या भागुबाई.

बैठकीला तो माझ्या मांडीवर बसायचा आणि निम्म्यात झोपायचा. जरा मोठा झाला तसं त्यानं नवंच काढलं. उपाशी माणसाचं भांडण ऐकायचं न्हाय, आधी जेवू घालायचं. रांधणार कोण? परत मीच! तावातावानं आलेले दोघं माझं कालवण ओरपायचे आणि हात धुवेपर्यंत त्यांचा निम्मा राग गेलेला असायचा. "मेल्या, तुझ्या पाटीलकीपायी माझी चूल विझत न्हाय," असं ओरडायचे मी. मनातून मात्र अशी सुखावायचे, काय सांगू!

एकच घोर होता. त्याला बोट लागायची. कोळ्याचं पोर, आणि होडीत पाय टाकला की पोटातलं सगळं बाहेर! मी ते कुणाला कळू दिलं न्हाय. "पाटलानं कशाला जाळी ओढायची?" म्हणून वेळ मारून न्यायचे.

मिठाच्या सत्याग्रहाच्या साली त्याला सोळावं लागलं. आमची रीत अशी, सोळाव्या वर्षी पाटलानं नारळी पुनवेला भर दर्यात जाऊन नारळ द्यायचा, मग घराण्यातल्या वडीलधाऱ्यानं त्याला फेटा बांधायचा, की गादी पक्की. न्हाय जमलं तर गादी दुसऱ्याची. दुसरा म्हणजे माझा चुलतभाऊ कोंडाजी. फेटा बांधायचा मान त्याचाच, आणि डोळाही गादीवर त्याचाच.

पुनवेला मीपण होडीत चढले. बायका चढत न्हाईत, असं गडी म्हणाले. म्हटलं, अडवा बघू! खाडी सुटली, लाटा लागल्या आणि तुळशीचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्याचा हात घट्ट धरला, पण व्हायचं ते झालंच. भडाभडा ओकला, तेही नव्या सदऱ्यावर.

होडीतच बसलेला कोंडाजी केवढ्यानं हसला! "अरे, कोळ्यांच्या पाटलाला बोट लागते! भागू, ठाऊक होतं ना तुला? फिरवा होडी."

तुळशीनं तोंडावर पाणी मारलं.

"लागते, काका. लहानपणापासनं लागते. होडी पुढं न्या."

थोडं गेल्यावर परत ओकला. होडी हाकणारा तांडेल सदा कळवळला, "पाटील, इथंच सोडा नारळ. कोण बघतंय?"

"भर दर्यात द्यायचा हाय ना? मग पुढं."

पोटात काही उरलं नव्हतं, तरी उमासे येतच होते. किनारा पुसट झाला तेव्हा तो काठ धरून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी दर्याला नारळ दिला. होडीत एकच जल्लोष झाला.

परत आलो तर ढोल वाजत होते. कोंडाजी फेटा हातात घेऊन नुसता उभा, बांधीना. माझा जीव टांगणीला! शेवटी म्हणाला, "पोरा, मी एवढा ओकलो असतो ना, तर पहिल्याच लाटेला होडी फिरवली असती."

त्यानं फेटा बांधला. आणि सगळ्यांच्या आधी, वाकून, पहिला रामराम त्यानंच घातला. "रामराम, पाटील."

मी काय केलं? रडत रडत ढोलापुढं नाचले, माझ्या वयाची बाई!